हातातला खडू

धुळ्यात मार्च लागला की आमच्या गल्लीतला कडुनिंब पानं टाकायला लागतो आणि गल्लीतली कॉलेजची पोरं एकाएकी हळू बोलायला लागतात. दुपारी गच्चीवर, जिन्यात, पाण्याच्या टाकीच्या सावलीत कोणी ना कोणी पुस्तक उघडून बसलेलं असतं. वारं तापलेलं. वहीची पानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर चप्पल ठेवलेली. हे दृश्य दिसलं की माझ्या बोटांना अजूनही खडूची भुकटी लागल्यासारखी वाटते, आणि मी नकळत हात ओढणीला पुसते.

काल कॉलेजातल्या दोघी जणी घरी आल्या. परीक्षेपर्यंत क्लासच्या वाटेला न जाता एकमेकींना शिकवायचं असं त्यांच्या गटाने ठरवलंय. त्यासाठी पत्रक हवं होतं. ‘ताई, तुम्हीच लिहा, जरा धारदार,’ असं म्हणाल्या. धारदार म्हटलं की या गल्लीला माझी आठवण येते. मी हो म्हटलं, कागद पुढे ओढला आणि पहिल्याच वाक्यापाशी अडले. असंच एक पत्रक मी पूर्वी लिहिलं होतं. फार धारदार होतं ते. आणि ते लिहिणारी मुलगी खोटारडी होती.

पत्रकांवरच वाढले मी. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत होते, आणि गिरणीच्या फाटकावर जी पत्रकं वाटली जात त्यातली निम्मी आमच्या ओट्यावर घडी होत. आई खळ शिजवायची, तिचा आंबूस वास स्वयंपाकाच्या वासात मिसळलेला असायचा. धान्याच्या कोठीखाली पत्रकं, फडताळात पत्रकं, माझ्या पहिल्या बेरजा-वजाबाक्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. अक्षरओळखसुद्धा तिथेच झाली. इतर मुलं ‘कमळ’ वाचत होती तेव्हा मी ‘कामगार बंधूंनो’ वाचत होते. त्यामुळे एक सवय लागली. जग मला नेहमी दुसऱ्या पुरुषात दिसायचं. उठा, जागे व्हा, घाबरू नका. सांगणारी मी, उठणारे इतर.

बारावीनंतर जळगावला कॉलेजात गेले, मावशीकडे राहिले. नव्वदीची सुरुवात होती. आमचं विद्यापीठ नवंनवं होतं, आणि त्याहून नवे होते क्लास. स्टेशनच्या बाजूला दर दोन महिन्यांनी एक नवी पाटी लागायची. आमचे एक सर तासाला अवघड भाग आला की घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, हे क्लासमध्ये होईलच तुमचं. त्यांच्या दृष्टीने वर्गातला प्रत्येक जण कुठल्यातरी क्लासला जातच होता. जे जात नव्हते ते त्यांना दिसत नव्हते. माझं डोकं तिथेच भडकलं.

दुसऱ्या वर्षाला होतो आम्ही, अर्थशास्त्राला, आणि संख्याशास्त्राचा एक पेपर सगळ्यांच्या छातीवर बसलेला होता. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं, ओळखीच्या एकाकडून सायक्लोस्टाइल करून घेतलं आणि फाटकावर उभी राहून वाटलं. त्यातली एक ओळ अजून पाठ आहे: ‘“मला समजलं नाही” हे मोठ्याने म्हणणं हेच आपलं पहिलं बंड आहे.’ पत्रक वाचून, मला धरून, नऊ जण जमले. मला ‘पत्रकबाई’ हे नावही तेव्हाच पडलं. ठेवलं हेमंतने. तो पाचोऱ्याहून रोज रेल्वेने यायचा, वर्गात पहिला असायचा आणि जिभेला हाड नसल्यासारखा बोलायचा.

दुपारी वर्ग रिकामे झाले की शिपाई नाना आम्हाला वरच्या मजल्यावरची एक खोली उघडून देत. ‘खिडक्या लावज्यात रे, धूळ येस,’ एवढंच सांगत आणि दाराबाहेर स्टुलावर बसून राहत. नाना अमळनेरकडचे. त्यांच्या तोंडची अहिराणी ऐकली की मला घरी आल्यासारखं वाटायचं, आणि तरीही मी त्यांच्याशी शुद्ध पुस्तकी मराठीतच बोलायचे. आता लाज वाटते त्याची.

त्या खोलीचा वास मला कुठेही ओळखू येईल. तापलेलं लाकूड, ओला फडका, कोणाच्या तरी डब्यातली शेवभाजी, आणि दूरच्या डाळमिलमधून वाऱ्यावर येणारा हरभऱ्याचा कोरडा वास.

पहिला आठवडा हेमंतने शिकवलं. त्याला सगळं येत होतं, हीच अडचण होती. तो फळ्यावर आगगाडीसारखा सुटायचा, मधली स्टेशनं न घेता. दोघंतिघं यायची बंद व्हायच्या बेतात आली. तेव्हा मागच्या बाकावरून द्वारका बोलली. ती पहिल्यांदाच बोलत होती.

द्वारका यावलच्या पलीकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावची. तिचे वडील, आबा, केळी कापणाऱ्या टोळीत होते आणि सुट्टीत तीही त्यांच्याबरोबर बागेत जायची. केळीचा चीक कपड्यावर पडला की काळा डाग होतो आणि तो कशानेही जात नाही. द्वारकाच्या दोन्ही ओढण्यांवर ते डाग होते. ती ते लपवायची नाही. मागच्या वर्षी याच पेपरात नापास होऊन ती पुन्हा आमच्याबरोबर बसली होती. आबांनी तिला सांगून ठेवलं होतं की पेपर देऊन नापास झालीस तर पुन्हा बघू काहीतरी, पण पेपर न देताच परत आलीस तर मग वह्या बांधून ठेव आणि बागेत चल. तिच्या पुढे एवढा एकच दरवाजा होता आणि तो तिने स्वतःच्या पायांनी ओलांडायचा होता.

ती म्हणाली की आमच्या टोळीत नवा माणूस आला तर त्याला मुकादम शिकवत नाही. त्याच्या आधी जो शेवटचा आलेला असतो, तो शिकवतो. घड खांद्यावर कसा घ्यायचा, चीक मानेवर पडू नये म्हणून देठ कुठल्या बाजूला ठेवायचा, हे मुकादमाला सांगता येत नाही. तो ते कधी चुकला होता हेच विसरलेला असतो. कालच्या माणसाच्या मानेवर डाग ताजा असतो.

हेमंतच आधी हसला आणि म्हणाला, मी मुकादम तर.

मग आमची रीत ठरली. नवा भाग आधी हेमंतने सांगायचा, आणि तेव्हा प्रत्येकाने हातात खडूचा एक तुकडा घ्यायचा. समजलं की उठून तो फळ्याखालच्या पट्टीवर ठेवायचा. ज्याचा खडू सगळ्यात शेवटी खाली येईल, त्याने दुसऱ्या दिवशी त्याच खडूने तो भाग सगळ्यांना शिकवायचा. शेवटी येणं म्हणजे कमीपणा नाही, शेवटी येणं म्हणजे उद्याची मास्तरकी. असं मीच भाषण करून सांगितलं.

फेब्रुवारीभर ते इतकं सुंदर चाललं की आजही आठवलं की ऊर भरून येतो. काल जो अडला होता तो आज फळ्याशी उभा राहायचा आणि बरोबर त्याच जागी थांबायचा जिथे आम्ही अडायचो. ‘इथे माझं डोकं फिरलं होतं,’ असं म्हणून तो खडूने तिथे एक छोटा गोल काढायचा. चाळीसगावचा एक मुलगा होता, वर्षभर तोंड न उघडलेला. त्याने सहसंबंध शिकवला तेव्हा बाहेर नाना स्टूल ओढून दाराशी आले होते.

आणि मी? मला त्या पेपरातलं फारसं काही समजत नव्हतं. शब्द माझे होते, आकडे माझे कधीच नव्हते. पण ज्या मुलीने हे सगळं सुरू केलं तिने खडू हातात घेऊन शेवटपर्यंत बसायचं? मी एक युक्ती काढली होती. पहिल्या दोघातिघांचे खडू पट्टीवर गेले की मी उठायचे आणि माझाही ठेवून यायचे. कधीच पहिली नाही, कधीच शेवटची नाही. मधेच, कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी. आणि एकदा खडू ठेवला की प्रश्न विचारायची सोय संपायची. मग मी फळ्याकडे बघून मान हलवत राहायचे. न समजलेलं लपवायला इतकं लक्ष लागतं की ऐकायला काही उरत नाही.

मार्च लागला, पेपरला जेमतेम दोन आठवडे राहिले. विचलनाचा भाग आला, सगळ्यात चिकट. सोमवारी शेवटचा खडू द्वारकाच्या हातात राहिला. मंगळवारी तिने तो भाग शिकवला, आणि नव्या भागाला पुन्हा तीच शेवटी. बुधवारीही तीच. गुरुवारी हेमंतने प्रमाण विचलन घेतलं. आठ खडू पट्टीवर गेले, त्यात माझा चौथा, आणि ती एकटी हातात खडू घेऊन विचारत राहिली की प्रत्येक फरकाचा वर्ग का करायचा? हेमंत म्हणाला, सूत्रच तसं आहे. मग गमतीने म्हणाला, ‘द्वारके, तुझ्या हाताला खडू केळीच्या चिकासारखाच बसलाय गं, निघतच नाही.’

सगळे हसले. तीही हसली. मीही.

शुक्रवारी तिने शिकवायचं होतं. ती आलीच नाही. नानांनी किल्ली देताना विचारलं, ‘ती यावलनी पोर आज नही उनी का?’ खोलीत आम्ही जरा वेळ इकडचं तिकडचं बोललो आणि उठलो.

मी ती राहायची त्या खोलीवर गेले. ती ट्रंक भरत होती. सकाळच्या यावलच्या गाडीने निघणार होती. मी बोलायला लागले. काय काय बोलले असेन. शिक्षण आपला हक्क आहे, माघार घेणं म्हणजे त्यांचा विजय आहे, अण्णांच्या फाटकावरची सगळी वाक्यं. ती घड्या घालत ऐकत होती. मग तिने अगदी शांतपणे सांगितलं की नऊ जणांत चार दिवस ओळीने एकच माणूस शेवटी येत असेल तर त्यात योगायोग नसतो, तो माणूसच तसा असतो. एवढं संख्याशास्त्र मलाही येतं.

तिचं गणित बरोबर होतं. तिच्या हाती आलेले आकडे खोटे होते, आणि ते मी पुरवले होते. हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. तरी मी बोलले नाही. जिना उतरून मावशीकडे आले, जेवले, झोपले. या लेखातलं मला सगळ्यात न आवडणारं वाक्य हेच आहे, पण ते खरं आहे.

सकाळी जळगावच्या स्टँडवर ती ट्रंकेवर बसलेली दिसली. उन्हं अजून कोवळी होती. यावलची गाडी लागलेली होती, टपावर कोणीतरी भाजीच्या पाट्या चढवत होतं. रात्रभर मनात जुळवलेली वाक्यं मला तिच्यासमोर आल्यावर एकही आठवेना. पुस्तकी मराठी जणू कुठेतरी पळून गेली, आणि तोंडातून आली ती आईची भाषा.

‘माले नही समजनं, द्वारका. सोमवारपासून काहीच नही समजनं.’

तिला आधी अर्थ लागला नाही. मग तिने विचारलं, ‘मग खडू?’

‘खोटा ठेवत होते.’

‘म्हणजे शेवटी मी नव्हते.’

‘नव्हतीस.’

‘आणि काल तू खोलीवर एवढं बोललीस, तेव्हा तुले हे माहीत होतं?’

मी मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर जो राग आला तसा राग माझ्या कुठल्याही पत्रकाला कधी जमला नाही. ती ओरडली नाही. कंडक्टर आला, गाडी सुटतेय म्हणाला. ती ट्रंकेवरून उठली, आणि मला वाटलं, गेली. तिने ट्रंक उचलली, बाजूच्या बाकावर ठेवली आणि त्यावर टेबलासारखा हात थापटला.

‘पत्रक असेल ना पिशवीत? काढ. पाठकोरं दे.’

पत्रकं माझ्या पिशवीत नेहमीच असायची. तिने माझ्याच पत्रकाच्या मागे, माझ्याच पेनने, दोन चौकोन काढले. म्हणाली, शिकवायला आले नाही, पण गुरुवारी रात्रभर बसून माझं मीच सोडवलं होतं; या दोन बागा. दोन्हीकडे घडाचं सरासरी वजन सारखंच. पण एकीत सगळे घड सारखे, दुसरीत एक हत्ती आणि एक उंदीर. व्यापारी कुठली बाग घेईल? मी म्हटलं, पहिली. ती म्हणाली, मग सरासरीने तुला काय सांगितलं? काहीच नाही. आता प्रत्येक घड सरासरीपासून किती लांब आहे ते बघ. हा दोन किलोने जास्त, हा दोन किलोने कमी. बेरीज कर. शून्य. जास्तवाला कमीवाल्याला झाकून टाकतो, आणि कागदावर वाटतं की सगळं ठीक आहे. म्हणून वर्ग करायचा. वजाचा वर्ग केला की वजा उरत नाही. कमी की जास्त ते सोड, लांब किती आहे तेवढं धर. मग वर्गांची सरासरी काढायची आणि शेवटी वर्गमूळ घेऊन पुन्हा किलोवर यायचं.

यावलची गाडी केव्हाच गेली होती. मी तो कागद बघत होते. जास्तवाला कमीवाल्याला झाकून टाकतो. आमच्या खोलीत हेच तर चाललं होतं. आणि माझ्या पत्रकांत? ‘विद्यार्थी’, ‘जनता’, ‘बांधव’ असे शब्द मी कागदावर पेरत गेले. ते सगळे सरासरीचे शब्द होते. त्यात द्वारका कुठे होती? मी तरी कुठे होते?

‘समजलं का?’ तिने विचारलं. मी घाईने मान हलवणार होते. तिने माझं मनगट धरलं. मी म्हटलं, वर्गमूळ का ते पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी समजलं. आयुष्यात पहिल्यांदा मला आकड्यांमधलं काहीतरी खरंखुरं समजलं होतं. मला रडू आलं, तर ती म्हणाली, रडू नको वं, कागद भिजेल. मग ट्रंक उचलताना तिने अट घातली. ती पेपर देईल. पण सोमवारी मी सगळ्यांसमोर खडू हातात ठेवायचा.

सोमवारी मी तो हातातच ठेवला. आठ जण बघत होते. मी सांगितलं की मी इतके दिवस खोटा खडू ठेवत होते, आणि द्वारका शेवटी येत नव्हती. मग चाळीसगावचा तो मुलगा उठला, पट्टीपाशी गेला आणि त्याने आपला खडू परत उचलला. त्याच्यामागे आणखी एक. मग आणखी दोघी. हेमंत जागेवरच चुळबुळत होता. शेवटी तोही उठला. त्याला सगळी उदाहरणं सोडवता येत होती, पण वर्ग का करायचा हे त्यालाही माहीत नव्हतं, एवढंच. द्वारका फळ्याशी होती. तिने सगळ्यांचे हात बघितले आणि मोठ्याने हसली. दाराशी उभे असलेले नाना म्हणाले, ‘माले बी शाळामा काही समजनं नही, पन माले कोनी खडूच दिधा नही.’ तिने जाऊन त्यांच्या हातात एक तुकडा ठेवला. त्यांनी तो खिशात टाकला आणि खिडक्या लावायला गेले.

पेपरपर्यंतच्या त्या उरलेल्या दिवसांनी मला जे दिलं ते कुठल्याही मोर्चाने दिलं नाही. दुपारचं ऊन, बंद खिडक्या, घाम, आणि नऊ माणसं न लाजता म्हणतायत, पुन्हा सांग. पेपर झाला. द्वारका पास झाली, मीही झाले, तिच्यापेक्षा कमी मार्कांनी. ती आता पायथ्याच्या एका शाळेत शिकवते. गेल्या वर्षी भेटली तेव्हा ओढणीवर चिकाचा डाग होता. सुट्टीत अजून बागेत जाते. मी तिचे आभार मानायला गेले, तर म्हणाली, आधी तू सांग, हल्ली तुले काय समजत नाही?

तर हा कागद. काल दिवस मावळायच्या आत मी पत्रक लिहून पूर्ण केलं. पहिलं वाक्य असं: ‘परीक्षेला दोन आठवडे होते आणि मला काहीही समजलं नव्हतं.’ पुढे मी सगळं लिहिलं, नाव न घेता. खडूंची रीत, माझा खोटा खडू, दोन बागा.

अण्णांना वाचायला दिलं. गिरणी सुटली तरी त्यांच्या हातात पत्रक आलं की ते अजूनही पेन्सिल शोधतात. त्यांनी चष्मा चढवला आणि पहिल्याच ओळीवर पेन्सिल आपटली. पत्रकात ‘मी’ नसतं पोरी, म्हणाले, पत्रकात ‘आम्ही’ असतं. मी म्हटलं, या वेळी ‘मी’च राहू द्या. ते पुढे वाचत राहिले. अंगणात वाळलेली पानं सरकत होती. वाचून झाल्यावर त्यांनी पुन्हा मधलं पान काढलं आणि दोन बागांच्या ओळीवर बोट ठेवलं. फाटकावर उभे राहून शेकडो माणसांना समजावून सांगणारे माझे अण्णा. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी आजवर ऐकलं नव्हतं.

‘हाई वर्गनं काय शे? माले नही समजनं.’

मी आत गेले. माळ्यावरची जुनी पाटी काढली, ओढणीने पुसली, त्यांच्याजवळ ओट्यावर बसले आणि दोन बागा काढल्या.